अँगलचे दंतजुळणीचे वर्गीकरण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

कोणत्याही शास्त्रात वर्गीकरण ही ज्ञानाची पहिली पायरी मानली जाते. वनस्पतिशास्त्रातील कुले, ग्रंथालयशास्त्रातील दशांश पद्धती किंवा भाषाशास्त्रातील भाषाकुले यांच्याशिवाय त्या त्या शास्त्राचा विचारच करता येत नाही. मात्र वर्गीकरण केवळ वस्तूंची मांडणी करून थांबत नाही. काय स्वाभाविक आणि काय विकृत, कशाकडे लक्ष द्यावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, याचा निर्णयही त्यात दडलेला असतो. वैद्यकशास्त्रात या निर्णयाचे परिणाम प्रत्यक्ष माणसाच्या शरीरावर होतात. म्हणून वैद्यकीय वर्गीकरणांची चिकित्सा ही त्या शास्त्राच्या तज्ज्ञांपुरती मर्यादित राहू नये.

दातांच्या सदोष जुळणीचे, म्हणजेच मॅलऑक्लूजनचे, आज जगभर शिकविले जाणारे वर्गीकरण एडवर्ड हार्टली अँगल (१८५५-१९३०) या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये ‘डेंटल कॉसमॉस’ या नियतकालिकातून मांडले. पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, त्याने दंतव्यंगोपचाराचे स्वतंत्र शिक्षण देणारी शाळा सेंट लुईस येथे काढली. वाकडे दात सरळ करण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. नव्याने उगवणारा दात रोज बोटाने योग्य जागेकडे ढकलावा, असा सल्ला रोमन लेखक सेल्सस याने दिला होता, तर फ्रान्समधील पियेर फोशार याने १७२८ मधील आपल्या ग्रंथात दात सरळ करण्यासाठी धातूच्या पट्टीचे वर्णन केले आहे. परंतु या प्रयत्नांना शास्त्राची चौकट मिळाली ती अँगलच्या वर्गीकरणामुळे, हे मान्य करावे लागते. सव्वाशे वर्षे टिकलेल्या या चौकटीने काय दिले आणि काय झाकून ठेवले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्गीकरणाचे स्वरूप :

अँगलने सर्व दातांमधून एकच दात निकष म्हणून निवडला. तो म्हणजे पहिली कायम दाढ. ही दाढ साधारणपणे सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दुधाचा दात न पडता उगवते. वरच्या पहिल्या दाढेचा गालाकडील पुढचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील खाचेत बसत असेल, तर ती जुळणी योग्य होय. या एका संबंधावरून त्याने तीन वर्ग पाडले.

पहिल्या वर्गात दाढांची जुळणी योग्य असते, परंतु इतर दात दाटीने उगवलेले, फिरलेले किंवा फटी असलेले असतात. दुसऱ्या वर्गात खालची दाढ तिच्या योग्य जागेच्या मागे असते. या वर्गाचे दोन उपविभाग आहेत. पहिल्या उपविभागात वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असतात. मराठीत ज्याला ‘दंतुर’ म्हणतात तो चेहरा बहुधा याच उपविभागात येतो. दुसऱ्या उपविभागात वरचे मधले पटाशीचे दात आतल्या बाजूस कललेले असतात आणि ते खालच्या दातांना बऱ्याच अंशी झाकून टाकतात. तिसऱ्या वर्गात खालची दाढ पुढे असते आणि अनेकदा हनुवटीही पुढे आलेली दिसते. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१-१७००) याच्यासह हॅब्सबर्ग घराण्यातील अनेकांच्या व्यक्तिचित्रांत दिसणारा पुढे आलेला खालचा जबडा हे या ठेवणीचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण होय.

या मांडणीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. आरसा आणि प्रकाश एवढ्या साधनांवर कोणताही दंतवैद्य रुग्णाचा वर्ग सांगू शकतो, आणि मुंबईतल्या दंतवैद्याने लिहिलेली नोंद बर्लिनमधल्या दंतवैद्याला कळते. अँगलपूर्वी ज्या व्यंगांची वर्णने प्रत्येकजण आपापल्या शब्दांत करीत असे, त्यांना त्याने एक समान भाषा दिली. पुढील टीका करताना हे श्रेय विसरता येणार नाही.

सदोष जुळणीचे दातांवरील परिणाम :

वर्गीकरणाची उपयुक्तता ठरवायची तर त्या वर्गांचा दातांच्या आरोग्याशी कोणता संबंध आहे, हे पाहावे लागते. सर्वसाधारणपणे वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या दोन ते तीन मिलिमीटर पुढे असतात आणि त्यांचा सुमारे एकतृतीयांश भाग झाकतात. या प्रमाणात मोठा बदल झाला की वेगवेगळे परिणाम दिसू लागतात.

वरचे दात फार पुढे आलेले असतील तर ओठ पूर्ण मिटत नाहीत आणि पडझड झाल्यास पहिला आघात त्या दातांवरच होतो. हे अंतर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असलेल्या मुलांमध्ये पुढच्या दातांना इजा होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणातून दिसून आले. तुटलेला कायम दात पुन्हा उगवत नाही, त्यामुळे हा परिणाम गंभीर मानला पाहिजे.

दुसऱ्या वर्गाच्या दुसऱ्या उपविभागात चेहरा बाहेरून बहुधा नीटस दिसतो. परंतु खालचे दात वर चढून टाळूच्या मऊ आवरणावर आदळू शकतात, तर वरचे दात खालच्या दातांच्या पुढील हिरडीवर घासू शकतात. त्यामुळे हिरडी खाली सरकते आणि मुळे उघडी पडतात. दिसण्यात दोष नाही म्हणून हा प्रकार अनेकदा दुर्लक्षित राहतो.

उलट जुळणीत, म्हणजे वरचा दात खालच्या दाताच्या आत बसतो तेव्हा, दोन्ही दातांच्या कडा झिजतात, आणि बाहेर ढकलल्या गेलेल्या खालच्या दाताची हिरडी मागे हटते. तोंड मिटताना असा दात आडवा येत असेल तर मूल आपला जबडा पुढे किंवा एका बाजूला सरकवून चावण्याची सवय लावून घेते. वाढीच्या वयात ही सवय चेहऱ्याच्या असमतोलाला कारणीभूत ठरू शकते. उघड्या जुळणीत मागच्या दाढा टेकतात, परंतु पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. भाकरीचा घास पुढच्या दातांनी तोडता येत नाही आणि ‘स’ सारख्या ऊष्म ध्वनींचा उच्चार बिघडतो. अंगठा चोखण्याची दीर्घकालीन सवय हे याचे एक परिचित कारण आहे. कायमचे पटाशीचे दात उगवण्यापूर्वी ती सवय सुटली तर हा दोष पुष्कळदा आपोआप कमी होतो. जबड्यातच अडकून राहिलेला वरचा सुळा शेजारच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळवू शकतो आणि हे क्ष-किरण चित्राशिवाय कळतही नाही.

दातांच्या दाटीविषयी मात्र सावधपणे बोलणे आवश्यक आहे. दाटीमुळे दात किडतात, हे विधान सर्रास केले जाते. दाटीच्या जागी स्वच्छता राखणे अवघड जाते हे खरे, परंतु दाटी आणि कीड यांचा थेट व ठाम संबंध संशोधनातून सिद्ध झालेला नाही. आहारातील साखर आणि रोजची स्वच्छता यांचा प्रभाव त्याहून कितीतरी मोठा आहे.

या परिणामांची यादी अँगलच्या वर्गांशी ताडून पाहिली असता एक विसंगती लक्षात येते. टाळूला होणारी इजा, अडकलेला सुळा, उघडी जुळणी, एका बाजूची उलट जुळणी हे गंभीर परिणाम कोणत्याही एका वर्गाची मक्तेदारी नाहीत. यांपैकी काही तर पहिल्या, म्हणजे दाढा अचूक जुळलेल्या वर्गातही आढळतात. वर्ग सांगितला म्हणजे धोका समजला, असे म्हणता येत नाही.

वर्गीकरणावरील आक्षेप :

(१) निकषाची अस्थिरता : वरची पहिली दाढ कवटीच्या संदर्भात स्थिर असते, असे अँगलचे गृहीतक होते. प्रत्यक्षात ही दाढ सरकते. दुधाची दुसरी दाढ किडून अकाली काढावी लागली तर तिच्यामागे उगवलेली कायम दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते. वरच्या जबड्यात असे घडले तर जबड्यांची ठेवण उत्तम असलेले मूलही दुसऱ्या वर्गात जाऊन बसते. खालच्या जबड्यात घडले तर तिसऱ्या वर्गाचा आभास निर्माण होतो. शिवाय सहाव्या वर्षी येणारी ही दाढ दुधाचीच आहे, असे समजून पालक तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात आणि ती दाढच गमावली जाते. ज्या समाजात लहान मुलांच्या दातांची कीड उपचाराविना राहते, तेथे हा निकष सर्वांत आधी कोसळतो.

(२) एकमितीय दृष्टी : जुळणीचे दोष पुढे-मागे, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे अशा तीन दिशांनी असतात. अँगलने फक्त पहिली दिशा विचारात घेतली. अ‍ॅकरमन व प्रॉफिट यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दातांची ओळ, चेहऱ्याची बाजूने दिसणारी ठेवण आणि या तीनही दिशा एकत्र विचारात घेतल्या गेल्या, ती याच उणिवेमुळे.

(३) दात आणि हाड यांतील फरकाचा अभाव : जबड्याचे हाड लहान-मोठे असणे आणि योग्य जबड्यात दात चुकीच्या जागी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. कवटीचे प्रमाणित क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी स्वतंत्रपणे मांडली. त्यानंतरच हा फरक मोजता येऊ लागला. अँगलच्या हाती हे साधन नव्हते, म्हणून त्याला दोष देता येणार नाही. परंतु साधन आल्यावरही केवळ वर्गाच्या नावावर निदान उरकण्याची प्रवृत्ती टिकून राहिली, ही टीकेची खरी बाब आहे.

(४) तीव्रतेविषयी मौन : वरचे दात चार मिलिमीटर पुढे असोत वा अकरा, वर्ग एकच. उपचाराची निकड ठरविण्यास हे वर्गीकरण असमर्थ आहे.

(५) पहिल्या वर्गाचा अवाढव्य विस्तार : अँगलने स्वतः दिलेल्या १००० प्रकरणांच्या तक्त्यात ६९२ प्रकरणे पहिल्या वर्गात मोडतात. ज्या वर्गीकरणात दोनतृतीयांशांहून अधिक प्रकरणे एकाच कप्प्यात जातात आणि त्या कप्प्याची मुख्य ओळख ‘दाढांत दोष नाही’ अशी नकारात्मक असते, ते वर्गीकरण भेद दाखविण्याचे आपले मूळ काम अपुरेच करते.

आदर्शाचा प्रश्न :

वरील आक्षेप तांत्रिक आहेत आणि पुढील संशोधकांनी त्यांवर तांत्रिक उत्तरे शोधली. याहून मूलभूत प्रश्न आहे तो आदर्शाचा. सदोष म्हणण्यासाठी निर्दोष काय, हे आधी ठरवावे लागते. अँगलने आपल्या ग्रंथात ‘ओल्ड ग्लोरी’ असे नाव दिलेल्या एका कवटीतील संपूर्ण दंतपंक्ती आदर्श म्हणून पुढे ठेवली. निसर्गाने दिलेले सर्व दात योग्य जागी बसविले की चेहराही आपोआप सुंदर होतो, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणून दात काढून जागा करण्यास त्याचा कडवा विरोध होता. मानवी चेहऱ्याच्या सौंदर्याला एकच मापदंड असू शकत नाही, हे व्युर्पेल या चित्रकाराने त्याला सांगितले होते. तरीही आदर्श जुळणीचा मापदंड मात्र एकच राहिला.

१९११ मध्ये कॅल्व्हिन केस याने या भूमिकेला जाहीर आव्हान दिले. काही रुग्णांत दात काढल्याशिवाय चेहरा सुधारत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्या वेळी अँगलच्या अनुयायांची सरशी झाली. परंतु अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याला आपल्या रुग्णांचे सरळ केलेले दात पुन्हा वाकडे होताना आणि ओठ पुढे आलेले दिसले, तेव्हा त्याने त्यांतील अनेकांवर चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. गुरूच्या सिद्धान्ताला शिष्याने स्वतःच्या अपयशाच्या नोंदींनी उत्तर द्यावे, हा शास्त्राच्या इतिहासातील मोलाचा प्रसंग होय. मात्र त्यानंतर दात काढण्याचा अतिरेकही झाला. एका आदर्शाची जागा दुसऱ्या ठोकळेबाज नियमाने घेतली, तर प्रश्न सुटत नाही, एवढेच यावरून दिसते.

मानवशास्त्रातील पुरावाही या आदर्शाला अनुकूल नाही. ऑस्ट्रेलियातील बेग याने १९५४ मध्ये तेथील आदिवासींच्या दातांचा अभ्यास मांडून दाखविले की, भरड अन्नामुळे दात बाजूंनी व वरून झिजत जातात आणि प्रौढपणी पुढच्या दातांच्या कडा एकमेकांवर टेकतात. म्हणजे ज्या न झिजलेल्या जुळणीला अँगलने निसर्गाचा आदर्श मानले, ती बऱ्याच अंशी मऊ अन्नाची देणगी ठरते. कोरुच्चिनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी उत्तर भारतात केलेल्या आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण पंजाबी तरुणांपेक्षा शहरी तरुणांमध्ये जुळणीचे दोष अधिक आढळले आणि त्याचा संबंध आहाराच्या मऊपणाशी जोडण्यात आला. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ब्लासी व सहकाऱ्यांनी तर असे प्रतिपादन केले की, मऊ अन्नामुळे वरचे दात किंचित पुढे राहिल्यानेच ‘फ’ आणि ‘व’ चे दंतोष्ठ्य उच्चार जगातील भाषांमध्ये पसरले. हे मत वादग्रस्त असले, तरी दातांची जुळणी ही आहार, संस्कृती आणि भाषा यांच्यासह बदलत आलेली बाब आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

मोजमापाचे नवे प्रयत्न आणि भारतीय संदर्भ :

तीव्रतेचा प्रश्न सोडविण्यासाठी पुढे निर्देशांक तयार झाले. ब्रूक व शॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेला उपचार-गरजेचा निर्देशांक दातांच्या आरोग्यावर पाच श्रेणी आणि दिसण्यावर दहा छायाचित्रांची मालिका असे दोन स्वतंत्र भाग ठेवतो. दात नऊ मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे असणे, दात अडकणे, दुभंगलेले ओठ व टाळू हे पाचव्या, सर्वाधिक गरजेच्या श्रेणीत येतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत मुलांना सरकारी खर्चाने उपचार देताना याच निर्देशांकाचा आधार घेतला जातो. आरोग्य आणि सौंदर्य यांची सरमिसळ न करणे, हे या पद्धतीचे विशेष श्रेय होय.

याउलट १९८६ मधील दंतसौंदर्य निर्देशांक अमेरिकेतील लोकांच्या पसंती-नापसंतीच्या मतांवर उभारला गेला. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या दंतपाहणीच्या मार्गदर्शिकेत त्याचा समावेश झाला आणि भारतातील शाळकरी मुलांच्या असंख्य पाहण्या त्याआधारे झाल्या. खालचे दात टाळूला टोचणे किंवा दाढांची उलट जुळणी या गोष्टींना त्यात स्थान नाही. परक्या समाजाच्या नजरेला जे खटकते त्याची मोजणी झाली, आणि जे दुखते ते मोजायचे राहिले, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. दात पुढे असल्याची चर्चा बहुतेक घरांत मुलीच्या लग्नाच्या वेळी सुरू होते. जबड्याच्या वाढीला वळण देण्याची संधी मात्र पौगंडावस्थेतील वाढीच्या काळातच असते. ती निघून गेल्यावर दात हलविणे, दात काढणे किंवा शस्त्रक्रिया एवढेच मार्ग उरतात. तारांचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि त्यानंतरही दात जागेवर टिकविणारे साधन वापरावे लागते. नियमित फेऱ्या शक्य नसलेल्या खेड्यातील विद्यार्थ्याला हा उपचार अर्धवट सोडावा लागण्याची भीती अधिक असते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू आणि दातांचे विकार यांचा समावेश आहे. अशा शालेय तपासणीत मूल कोणत्या वर्गाचे, हे लिहिण्यापेक्षा चार साधे प्रश्न अधिक उपयोगी ठरतील. पुढच्या दातांनी घास तोडता येतो का? खालचे दात टाळूला लागतात का? तोंड मिटताना जबडा बाजूला सरकतो का? पहिली कायम दाढ शाबूत आहे का?

यात भाषेचाही एक प्रश्न जोडता येईल. ‘चार’ मधील तालव्य ‘च’ आणि ‘चाक’ मधील दंततालव्य ‘च’ असा भेद मराठी करते. दंततालव्य ‘च’, ‘ज’ यांच्या उच्चारात जिभेचे टोक वरच्या दातांजवळ जाते आणि ‘स’ सारखे घर्षण होते. पुढचे दात न मिटणाऱ्या मुलाच्या बोलण्यात हे ध्वनी तपासणे शाळेतील भाषाशिक्षकाला सहज शक्य आहे. त्यासाठी दंतवैद्यक आणि भाषाशास्त्र यांनी एकत्र येण्याची गरज आहे.

निष्कर्ष :

१. अँगलचे वर्गीकरण ही दंतवैद्यांमधील संवादाची भाषा म्हणून आजही उपयुक्त आहे. निदान किंवा उपचाराची निकड म्हणून त्याचा वापर करणे अयोग्य ठरते.

२. दाढांची जुळणी आणि दातांना पोहोचणारी इजा यांत सरळ संबंध नाही. इजेचा विचार पुढे आलेल्या दातांचे अंतर, खोल जुळणी, उलट जुळणी, अडकलेले दात अशा प्रत्यक्ष लक्षणांवरून केला पाहिजे.

३. आदर्श जुळणी ही उपचाराची दिशा असू शकते. तिला मानवजातीचे स्वाभाविक रूप मानण्यास मानवशास्त्रीय पुराव्याचा आधार मिळत नाही.

४. सौंदर्याची इच्छा गौण नाही. परंतु आरोग्याची गरज आणि सौंदर्याची इच्छा यांची नोंद वेगवेगळी झाली, तरच मर्यादित सार्वजनिक साधने योग्य मुलापर्यंत पोहोचतील.

५. दुधाच्या दाढा आणि पहिली कायम दाढ वाचविणे हा सदोष जुळणी टाळण्याचा सर्वांत स्वस्त व हाताशी असलेला उपाय आहे. शाळेतील शिक्षक, पालक आणि प्राथमिक आरोग्य यंत्रणा यांना तो तारा व यंत्रांशिवाय अमलात आणता येईल.